घरातल्या घरात उमरग्याची गाडी

रविवार, १२ एप्रिल २०२०. बेंबळी. सकाळी नऊ.

हजर: मी, माझा नवरा, सासूबाई (मी त्यांना आत्या म्हणते) आणि धाकटे दीर, जे सगळं बंद व्हायच्या दोन दिवस आधी पुण्याहून आले होते. गैरहजर: आमची मुलगी. ती नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे, आणि तेव्हा तिला सुट्टी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. विषय: स्वयंपाकघरातले डबे.

माझ्या वहीतलं त्या दिवशीचं पान असं सुरू होतं. मी गावातल्या शाळेत शिक्षिका आहे आणि मुलांच्या खिचडीचं रजिस्टर अकरा वर्षं माझ्याकडं होतं. तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला, हे रोज लिहायची सवय लागली की ती शाळेच्या फाटकाशी थांबत नाही. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. प्रत्येक चिठ्ठीची नोंद एका यादीत असते. आणि ती यादी स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेली असते.

त्या सकाळी यादी आणि डबे जुळेनात. पाडव्याला भाजून भरलेल्या शेंगदाण्यांचा मोठा डबा तळाला गेला होता. तो पाऊस सुरू होईपर्यंत पुरायचा. न्याहारीला सुशीला (मुरमुऱ्यांचा उपमा) करायला आणलेले मुरमुरे निम्म्याच्या खाली. गुळाची ढेप एका बाजूनं अशी खालावली होती की तिला कुणी तरी रोज भेटायला येत असावं. टोस्ट आणि फरसाण यांची तर नावंच यादीतून खोडावी लागली, दुकान उघडून पुन्हा आणेपर्यंत.

मी तिघांना बोलावून विचारलं, "दाणे कुणी खाल्ले?"

"म्या न्हाय," आत्या म्हणाल्या. "मला दात कुठं हायत?"

"मी परवा चमचाभर घेतले असतील, वहिनी," दीर म्हणाले. "तेही चटणीला कमी पडतात का बघायला."

नवरा म्हणाला, "आधी उंदीर बघ."

"उंदीर खाऊन झाल्यावर झाकण लावतो व्हय रे?" आत्यांनी विचारलं.

मला मात्र राग येण्याआधी नवल वाटलं. चार मोठी माणसं, दोन वेळचं पोटभर जेवण, कुणी उपाशी नाही, कुणी शेतात राबून आलेलं नाही. मग हे सगळं कोण, कशासाठी आणि कधी खात होतं? खोटं बोलतानाचे चेहरे मला वर्गात रोज दिसतात. हे चेहरे तसे नव्हते. प्रत्येकाला खरोखरच वाटत होतं की आपण काही खाल्लेलं नाही.

एरवी मी ही गोष्ट हसून सोडली असती. सोडता येत नव्हती, कारण नवरा लाल बसवर चालक आहे. चोवीस वर्षं त्याच्या हातात स्टिअरिंग आहे. फेब्रुवारीत धाराशिवच्या डॉक्टरांनी त्याची साखर पाहून सरळ सांगितलं होतं की तीन-चार महिन्यांत ती खाली आली नाही तर पुढच्या तपासणीत गाडी चालवायला योग्य असा शेरा मिळणं अवघड आहे. मग आगारात बसून पंक्चरची चाकं मोजा, नाही तर फाटकावर बसा. त्या दिवशी परत येताना मोटारसायकल तोच चालवत होता. घराशी गाडी लावली आणि म्हणाला, "फाटकावर बसायला मी काय कुलूप हाय का?"

मार्चअखेर गाड्याच थांबल्या. आम्हाला वाटलं, बरंच झालं. रस्त्यावरची भजी बंद, हॉटेलचा गोड चहा बंद, घरची भाकरी आणि पालेभाजी. साखर आपोआप उतरेल. मी मुलीच्या सांगण्यावरून साखर तपासायचं छोटं यंत्र आणून ठेवलं होतं. त्याच रविवारी सकाळी उपाशीपोटी मोजली होती. फेब्रुवारीपेक्षा जास्त.

तेव्हा डबे ही गंमत राहिली नाही.

पहिला उपाय मी शाळेच्या पद्धतीनं केला. वस्तूंच्या जागा बदलल्या. उरलेले दाणे येसराच्या, म्हणजे आमटीला लावायच्या भाजक्या पिठाच्या डब्यात, येसर तुरीच्या डाळीच्या मागं, गूळ पिठाच्या कोठीत खाली कापडात बांधून. काम नीट केलं की नोंदही नीट हवी, म्हणून मी दारावरची जुनी यादी काढली आणि नवी लावली. डबा क्रमांक सहा: वर येसर लिहिलंय, आत दाणे. कोठी: तळाशी गूळ.

तीन दिवसांनी येसराचा डबा हलका लागला. मी चक्रावले. दीर दारात उभे राहून यादीकडं बघत होते.

"वहिनी, एक विचारू का? तुम्ही लपवता बी, अन् पत्ता बी लिहून ठेवता?"

मी यादीकडं पाहिलं. तिला चिकटवून तीन दिवस झाले होते आणि या तीन दिवसांत तिच्यात काही चूक आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. अक्षर सुबक होतं. खाली तारीख आणि सही होती.

"म्हणजे दाणे तुम्ही खाल्ले?"

"मी एकटा न्हाय. दादाबी वाचायलेत रोज. पेपर तर येत न्हाय आता."

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिची ड्युटी संपली होती, पण ती खोलीवर न जाता दवाखान्याच्या पायरीवर बसून बोलत होती. मी यादीची गोष्ट सांगितली तशी ती बऱ्याच दिवसांनी हसली. मग म्हणाली, "आई, लपवू नको आणि रागावूही नको. रागावलीस की बाबा चोरून खातील, आणि चोरून खाल्लेलं आपल्याला कळणार नाही. नुसतं लिही. कुणी, काय, किती वाजता. आठवडाभर. काही म्हणायचं नाही."

लिहायला मला कुणी सांगावं लागत नाही. मी नव्या वहीत तीन रकाने आखले. आत्या, दीर, हे. खाटेवर बसून मी कुरडयांचे गहू निवडायचे, तिथून स्वयंपाकघराचं दार आणि ओसरी दोन्ही दिसायची. वही सुपाखाली.

पहिल्या दोन दिवसांत आत्या आणि दीर उलगडले. दिरांना कंपनीतून साहेबाचा फोन यायचा. माळवदावर जाऊन ते बोलायचे, रेंज तिथंच होती. फोन चालू असताना "येस सर, येस सर", आणि खाली उतरले की जिन्यावरून थेट स्वयंपाकघर. फोन लांबला तर दोन टोस्ट, फोनमध्ये कुणाला कामावरून कमी केल्याचं कळलं तर पुडाच. आत्यांचं वेगळं होतं. टीव्हीवर वाईट बातमी आली की त्या उठायच्या, गुळाचा खडा तोंडात टाकायच्या आणि परत येऊन बसायच्या. मी दुसऱ्या दिवशी न राहवून विचारलं तर म्हणाल्या, "एवढं वंगाळ ऐकल्यावर तोंड गोड करावं लागतंय. न्हायतर ते तोंडातच ऱ्हातंय." टीव्हीवर तेव्हा वाईट बातम्याच होत्या. ढेप का खालावली ते कळलं.

नवऱ्याचा रकाना मात्र मला समजेना. तो टीव्ही बघत नव्हता. त्याला फोन फारसे येत नव्हते. तो ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसायचा आणि मध्येच उठायचा. मी लिहीत गेले. सात चाळीस, मूठभर दाणे. आठ चाळीस, टोस्ट. सव्वादहा, वाटीभर मुरमुरे, वर फरसाण. बारा वीस, गूळ-दाणे. एक वीस, पुन्हा दाणे. दोनला जेवण. सव्वाचार, जे हाताला लागेल ते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मिनिटाचा फरक नाही. मला पहिल्यांदा शंका माझ्यावरच आली, की आपण कालचंच पान उतरवून काढतोय की काय.

मग मी एक प्रयोग केला. तो सकाळी आंघोळीला गेला असताना ओसरीवरचं भिंतीचं घड्याळ अर्धा तास पुढं केलं. घड्याळ बघून उठत असेल तर तो अर्धा तास आधी उठेल, असा माझा हिशोब. माझं मनगटी घड्याळ सुपाखाली वहीशेजारी. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले तेव्हा माझ्याकडं बरोबर सव्वादहा. तो उठला. जाता जाता वर पाहिलं, स्टूल ओढलं, घड्याळ काढून काटे मागं फिरवले आणि परत टांगलं.

"बिघडलंय वाटतं हे," तो मला म्हणाला. "अर्धा तास पुढं पळायलंय." आणि आत जाऊन मुरमुऱ्यांचा डबा उघडला.

मी मुलीला हे सांगितलं, तिलाही उलगडेना. उत्तर आत्यांकडं होतं आणि त्यांना ते उत्तर आहे हे माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी त्या माझ्याशेजारी गहू निवडत बसल्या होत्या. नवरा उठून आत गेला. आत्या सुपातला खडा फेकत आपल्याशीच म्हणाल्या, "आता उमरग्यात पोचला असता."

"काय म्हणालात?"

"अगं, ह्या टायमाला त्याची गाडी उमरग्याला लागती न्हाय का. रोजचंच हाय माझं. चहा पिताना म्हणायचं, आता तुळजापूर. भांडी घासताना म्हणायचं, आता नळदुर्ग. पोरगं रस्त्यावर असलं की आईला बरुबर जावं लागतंय."

मी सुपाखालून वही काढली आणि त्यांना एकेक वेळ वाचून दाखवली. सात चाळीस?

"तुळजापूर."

आठ चाळीस?

"नळदुर्ग. बारा वीसला येताना परत नळदुर्ग. एक वीसला तुळजापूर."

सव्वाचार?

"दुपारच्या पाळीला तेरची फेरी असती. तेर." त्यांनी वहीत डोकावून पाहिलं. त्यांना वाचता येत नाही, पण रकाने मोजता येतात. "ह्यो माझा, ह्यो धाकट्याचा, ह्यो थोरल्याचा. तुझा कुठाय?"

"मी लिहितेय, आत्या. मी कुठं खाते?"

"दिसभर तर तोंड हलतंय तुझं."

मी त्यांना सांगितलं की मी फक्त चव बघते. हे अगदी खरं होतं. शाळेत खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखायची असते, आणि चाखली म्हणून चव रजिस्टरमध्ये सही करायची असते. अकरा वर्षं मी रोज चाखली. ते खाणं नव्हे, ती जबाबदारी. घरीही डबा तपासला की चिमूटभर तोंडात टाकून बघायचं, दाणे खवट झाले का, मुरमुरे सादळले का, फरसाणाचा वास आला का. आणि या दिवसांत डबे मी किती वेळा तपासत होते? कुणी खाल्लं की लगेच, उरलं किती ते पाहायला.

त्या दुपारी मी चौथा रकाना आखला. संध्याकाळपर्यंत तो नवऱ्याच्या त्या दिवशीच्या रकान्यापेक्षा लांब झाला होता.

आता नवऱ्याला दाखवायला हरकत नव्हती, कारण वहीत मीही होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर वही त्याच्यापुढं ठेवली. तो बराच वेळ वाचत राहिला. मला वाटलं चिडणार. त्यानं वेळांवरून बोट फिरवलं, मार्गाचा कागद तपासतात तसं.

"नळदुर्गला आठ पस्तीसलाच पोचतो मी," तो म्हणाला. "पाच मिनटं थांबून घेतो."

"पण तिथं भूक लागते का तुम्हाला?"

त्यानं विचार केला. मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, आणि त्यालाही. "भूक न्हाय लागत," तो म्हणाला. "तिथं हात मोकळा होतो. कंडक्टर नोंद करायला उतरतो. माणसं चढ-उतार करतात. पाच-दहा मिनटं स्टिअरिंगला हात न्हाय, गिअरला न्हाय. मग ह्या हातांचं करायचं काय? म्हणून काहीतरी खातो. चोवीस वर्षं खातोय."

"आता तर दिवसभर मोकळेच हायत की," दीर म्हणाले.

"व्हय. पण त्यांना ते कळत न्हाय." त्यानं हात उलटे करून पाहिले. मग हळूच म्हणाला, "हे असंच चाललं तर पुन्हा गाडीवर बसायचो न्हाय मी." फेब्रुवारीनंतर ही गोष्ट तो पहिल्यांदा बोलला.

हातांना काम द्यायचं ठरलं. दिरांनी सुचवलं आणि मीही मान डोलावली, म्हणून दोष दोघांचा: आम्ही त्याला पोतंभर भुईमुगाच्या शेंगा फोडायला दिल्या. सात चाळीसला त्याच्यापुढं शेंगांची पाटी ठेवली आणि वर मी वहीत वेळही लिहिली. दुपारी टरफलांचा ढीग पाहून मला फार बरं वाटलं. मग दाणे मापात घातले. ढिगाच्या मानानं माप फारच लवकर संपलं.

आत्यांना हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "शिकलेली माणसं तुमी. मांजराला दुधाची राखण दिली." आणि त्यांनी कारभार आपल्याकडं घेतला.

त्यांची रीत अशी होती. ओसरीच्या एका टोकाला त्या बसणार. थांब्याची वेळ झाली की नवऱ्यानं उठायचं, पण आत जायचं नाही. अंगणातून निघून मागच्या चिंचेपर्यंत जायचं, गोठ्याला वळसा घालायचा, आणि येऊन आत्यांपुढं उभं राहायचं. स्थानकावर कंडक्टर करतो तशी नोंद त्या करणार. चुलीतल्या कोळशानं भिंतीवर एक रेघ.

पहिल्या दिवशी तो लाजला. पन्नाशीचा माणूस, स्वतःच्या अंगणात फेऱ्या मारून आईकडून रेघ मारून घेणार. पण सव्वादहाला हात आपोआप मोकळे झाले आणि तो उठलाच.

"कुठली गाडी?" आत्यांनी विचारलं.

"उमरगा."

"उशीर का झाला?"

"पुढं म्हशी होत्या."

"हॉर्न द्यायचा. जा आता, येताना नळदुर्ग चुकवू नको." आणि रेघ.

दोन दिवसांनी तो चिंचेपर्यंत न जाता पलीकडच्या विहिरीपर्यंत जाऊ लागला, कारण त्याच्या मते चिंच म्हणजे फार तर तुळजापूर, उमरगा एवढं जवळ नाही. दीर साहेबाचा फोन झाला की त्याच्याबरोबर निघायचे. त्यांना आत्या प्रवासी म्हणायच्या आणि तिकीट विचारायच्या. आत्यांचा स्वतःचा गूळही कमी झाला. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "ड्युटीवर टीव्ही बघता येतोय व्हय?"

सगळं सरळ झालं असं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी आणि आमरस झाला, आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा पाहून मी यंत्रच बिघडलं असं ठरवून टाकलं. मे महिन्यात कुरडयांचा चीक शिजवला तेव्हा पातेल्याभोवती चारही मोठी माणसं वाट्या घेऊन उभी होती आणि वर्षाच्या कुरडया सहा महिन्यांच्याच झाल्या. पण आकडा हळूहळू उतरत गेला. मी दर रविवारी त्याचं बोट टोचायची, तो दुसरीकडं बघायचा. आत्या विचारायच्या, "किती मिनटं लेट?" त्यांना आकडा म्हणजे गाडीचा उशीर एवढंच ठाऊक होतं. मी सांगायची, मागच्या वेळेपेक्षा वीसनं कमी. त्या म्हणायच्या, येईल टायमावर.

पावसाळा सरत आला तेव्हा गाड्या सुटू लागल्या. तपासणीचा निरोप आला. त्या दिवशी मी शाळेत ऑनलाइनच्या कामाला गेले होते, आणि हजेरीच्या कागदावर तीन मुलांची नावं दोनदा लिहिली. दुपारी तो धाराशिवहून आला तो खाकी शर्ट पिशवीत घेऊन आला, इस्त्रीला द्यायला. मला काही विचारावं लागलं नाही. डॉक्टरांनी योग्य असा शेरा दिला होता, आणि खाली लिहिलं होतं की सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा.

तो आधी ओसरीवर गेला. आत्या तिथंच होत्या.

"कुठली गाडी?"

"खरी," तो म्हणाला. "सोमवारपासनं. सातची."

आत्यांनी कोळसा चाचपला, पण मग त्या तशाच बसून राहिल्या. खऱ्या गाडीची रेघ मारायची का नाही, हे त्यांचं ठरेना.

त्याला आता पाच वर्षं झाली. तो अजून गाडीवर आहे. थांब्यांवर उतरून गाडीभोवती फेऱ्या मारतो, कंडक्टर त्याला हसतात असं ऐकते. दीर पुण्याला परत गेले. आत्या ओसरीवर असतात आणि सव्वादहाला आजही म्हणतात, आता उमरगा.

ती वही मी परवा कपाट आवरताना काढली. तीन रकान्यांखाली मी त्या-त्या वेळी निष्कर्ष लिहिले आहेत आणि काम पूर्ण झालं की मारते तशी खूणही केली आहे. चौथ्या रकान्याखाली मुलीनं फोनवर सांगितलेलं एक वाक्य आहे, माझ्याच अक्षरात: आईनंही साखर तपासून घ्यावी. त्याच्यापुढं खूण नाही. मी नंतरच्या वह्या पाहिल्या. कामांची यादी मी दर महिन्याला नव्या पानावर उतरवते, झालेलं गाळते, राहिलेलं पुढं नेते. ते वाक्य प्रत्येक यादीत आहे. जागा बदलत गेली आहे, कधी गॅसच्या नंबरच्या वर, कधी माळवदाच्या गळतीच्या खाली. मी ते इतक्या वेळा इतक्या नीट उतरवलं आहे की मला ते केल्यासारखंच वाटत होतं.

साखरेचं यंत्र मधल्या फळीवर आहे, डबा क्रमांक नऊ. पट्ट्यांची मुदत संपली होती, म्हणून काल नव्या आणल्या. तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची असते. आज सकाळी ते जमलं नाही. पट्ट्या ठेवायला तो डबा काढला तेव्हा शेजारी दाण्यांचा डबा होता, आणि दाणे खवट झालेत का ते बघायचं होतं.